बोटभर ग्रीस

दांडेकर बाईंची अ‍ॅक्सेंट, दोन हजार तीनची,
पाजपंढरीच्या वळणावर सहा वर्षं उभी होती.
एका अंगाला वाळत घातलेले बोंबील,
दुसऱ्या अंगाला समुद्र.
साहेब गेल्यापासून कुणी हात लावला नव्हता.
परवा टेम्पोला बांधून आणली शेडमध्ये
आणि म्हणाल्या, मुरारी, आता मी शिकणार.
एकसष्ट संपलं मला.
ब्रेक आधी बघ. बाकीचं मागाहून.

चाक निघालं. कॅलिपर निघाला, कुरकुरत का होईना.
डिस्क निघेना.

डिस्क कसली, तव्याला करपून बसलेली भाकरी.
लोखंड कुठे संपतं आणि गंज कुठे लागतो
ते नखाने चाचपत होतो.
दोन स्क्रू. एकाचं डोकं झिजून गुळगुळीत,
दुसऱ्याचं छिन्नीच्या पहिल्या फटक्यात तुटलं.
उमेरने ड्रिल धरलं, मी बॅटरी.
मग हातोडा, मध्ये फणसाची फळी,
बारा ठोके, पाव फेरी,
बारा ठोके, पाव फेरी.
माडावरचे कावळे उठून बंदराकडे गेले.
डिस्क होती तिथेच.

रात्रभर रॉकेल आणि जळकं ऑइल पाजून ठेवलं.
पहाटे मतलई सुटली होती तेव्हा पुन्हा आलो,
रॉकेल पुसून काढलं,
बत्ती लावून हबभोवती आंच फिरवली,
आणि दर ठोक्याला एक शिवी:

कुणा मेल्याने बसवली ही?
कोरडी ठणठणीत!
हबवर बोटभर ग्रीस लावायला काय
बापाची पेंड विकावी लागते?
खारं वारं बघितलेलंच नाही कधी लेकाच्याने.
पुण्याचा असणार. नाहीतर चिपळूणचा, शोरूमवाला.

उमेर खाली मान घालून हसत होता.

शेवटी आठवलं,
डिस्कलाच दोन भोकं असतात, आटे पाडलेली.
गंजाने बुजली होती, खिळ्याने कोरली.
आठचे दोन बोल्ट.
याला अर्धा आटा, त्याला अर्धा आटा,
कुणा एकाचे लाड नाहीत.
बोल्टांनी हबच्या छातीवर पाय रोवले
आणि मग
धाडकन!
पत्र्यावरचं मांजर घसरून ड्रमात पडलं.
डिस्क उमेरच्या पायाशी, अजून ऊन.

पाठ पुसली तिची, सहज.
पापुद्र्याखाली कडेला
पंचने मारलेली दोन टिंबं,
एक लहान, एक जरासं मोठं.
हबवर त्यांच्या समोर तशीच दोन.

अशी टिंबं हर्णैत
एकच माणूस मारतो.

काय झालं, उमेर म्हणाला.
काही नाही. ब्रश दे.

शिमग्याचे दिवस असणार.
दारात मुंबईच्या चार गाड्या,
साहेब घड्याळाकडे बघत उभे,
ग्रीसचा डबा खरवडून संपलेला
आणि दुसरा आणायचा तर दापोली.
चालतंय, म्हणालो असेन.
माझ्याच तोंडाने म्हणालो असेन, चालतंय.

हब घासला, पितळेसारखा दिसेपर्यंत.
नवी डिस्क बसवायच्या आधी
उमेरने ग्रीसचं बोट फिरवलं.
अजून, म्हटलं.
फिरवलं.
अजून.
बास ना काका, पॅडला लागेल.
बरोबर होतं त्याचं. पुसायला लावलं.

मजुरी अर्धीच सांगितली.
बाईंनी चष्म्यावरून बघितलं.
म्हटलं, साहेबांच्या वेळचं थोडं काम
राहिलं होतं माझ्याकडे.

आता संध्याकाळी त्या बंदराच्या रस्त्याला असतात,
पहिल्या गिअरमध्ये, शेजारी भाचा जीव मुठीत धरून.
दहा पावलं जातात, थांबतात.
पुन्हा दहा पावलं.
पुढे ना म्हावऱ्याची पाटी, ना कुत्रं, ना माणूस.
नुसतं, थांबते का ते बघायला.